उपग्रहावरचे कणशोधक : ट्रिगर, रीडआउट आणि वरच काय टाकून द्यायचं याचा हिशोब

कणाद (धागाकर्ता)

उपग्रहावरच्या डिटेक्टरवर मराठीत थोडंफार लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक स्फटिक, सिलिकॉन आणि निष्कर्ष यांच्यावर. मधली इलेक्ट्रॉनिक्स एका वाक्यात उरकली जाते. हा धागा त्या मधल्या भागासाठी.

साखळी सगळीकडे साधारण तीच असते. डिटेक्टरमध्ये चार्ज तयार होतो, चार्ज-सेन्सिटिव्ह प्रीअँप तो व्होल्टेजमध्ये बदलतो, शेपर त्याला ठरावीक रुंदीचा आकार देतो, सिग्नल ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वर गेला की कंपॅरेटर 'काहीतरी आलं' म्हणतो (हाच ट्रिगर), एडीसी (सिग्नलचा आकडा बनवणारी चिप) उंची मोजतो, एफपीजीए (हवी तशी जोडता येणारी लॉजिक चिप) वेळ आणि पत्ता जोडून पॅकेट बनवतो. किती नाजूक काम आहे याचा अंदाज यावा म्हणून : सीझेडटी (कॅडमियम झिंक टेल्युराइड) स्फटिकात एक इलेक्ट्रॉन-होल जोडी बनवायला सुमारे ४.६ ईव्ही लागतात. म्हणजे अमेरिशियम-२४१ च्या ५९.५४ केईव्हीच्या फोटॉनमधून जेमतेम १३,००० इलेक्ट्रॉन, सुमारे २ फेम्टोकूलॉम. हे मोजायचं, तेही ज्या डब्यात डीसी-डीसी कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलणारे स्विचिंग पुरवठे) गुणगुणतायत त्याच डब्यात.

मला चर्चा हवी आहे ती पुढच्या प्रश्नावर. वीज मर्यादित, डाउनलिंक मर्यादित, आणि कॉस्मिक किरणांचा मारा आपल्याला हव्या असलेल्या सिग्नलच्या कितीतरी पट. मग कुठला निर्णय कक्षेत घ्यायचा आणि कुठला जमिनीवर? माझं मत आधीच सांगतो : जे हार्डवेअरने वर टाकलं ते कायमचं गेलं. म्हणून शक्य असेल तिथे घटना टाकू नये, तिच्यावर खूण करावी आणि खाली पाठवावी.

शेपर

छान विषय. पण 'खूण करून पाठवा' म्हणण्याआधी थ्रेशोल्डचं गणित मांडायला हवं, कारण पहिली चाळणी तिथेच लागते आणि ती टाळता येत नाही.

पीकिंग टाइम १ मायक्रोसेकंद असलेल्या साध्या सीआर-आरसी शेपरमध्ये शून्याच्या पातळीवर नॉइजमुळे कंपॅरेटर सेकंदाला सुमारे १,४४,००० वेळा ओलांडला जातो (१ भागिले ४√३ गुणिले पीकिंग टाइम). थ्रेशोल्ड वर नेला की हा दर गॉसियन पद्धतीने कोसळतो. ४ सिग्मावर (सिग्मा म्हणजे नॉइजच्या चढउताराचं प्रमाण विचलन) एका चॅनेलला सेकंदाला सुमारे ४८ खोट्या घटना. ५ सिग्मावर दोन सेकंदांत एक. ६ सिग्मावर साडेसात मिनिटांत एक. आता ४,०९६ पिक्सेलचा डिटेक्टर घ्या. ४ सिग्मावर सेकंदाला जवळपास दोन लाख, म्हणजे रीडआउट बंद पडल्यातच जमा. ५ सिग्मावर २,२००. ६ सिग्मावर ९. एका सिग्माने एवढा फरक पडतो, म्हणून थ्रेशोल्ड 'साधारण' ठेवून चालत नाही. प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ट्रिम डॅक (थ्रेशोल्ड बारीक जुळवणारा आकडा-ते-व्होल्टेज कन्व्हर्टर) असणं आणि एखादा पिक्सेल कमांडने बंद करता येणं या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून डिझाइनमध्ये हव्यात. कक्षेत गेल्यावर काही पिक्सेल बिघडतातच, आणि एक बेफाम पिक्सेल अख्ख्या मॉड्यूलचा बफर खाऊन टाकतो.

आता नॉइज कुठून येतो ते. लीकेज करंटचा (सिग्नल नसतानाही डिटेक्टरमधून झिरपणाऱ्या करंटचा) हिस्सा अंदाजायला सोपा नियम : इलेक्ट्रॉनमधल्या नॉइजचा वर्ग = १२ × लीकेज (नॅनोअँपिअर) × शेपिंगची वेळ (नॅनोसेकंद). १ नॅनोअँपिअर आणि १ मायक्रोसेकंदला वर्ग १२,००० येतो, म्हणजे ११० इलेक्ट्रॉन. शेपिंग लांबवलं की हा वाढतो. उलट डिटेक्टरच्या कपॅसिटन्समुळे येणारा हिस्सा शेपिंग लांबवलं की कमी होतो. दोन्ही जिथे समान होतात तिथे शेपिंग ठेवायचं. सिलिकॉनचा लीकेज दर ७-८ अंश थंडाव्याला निम्मा होतो, त्यामुळे रेडिएटरचं क्षेत्रफळ हासुद्धा रीडआउटचाच निर्णय आहे. थर्मलवाल्यांशी ही बोलणी उशिरा सुरू केली की शेवटी थ्रेशोल्ड वाढवण्यावाचून पर्याय उरत नाही.

सह्यकडा

शेपर, +१. डीसी-डीसीचं अजून खोलात सांगायला हवं. १ मायक्रोसेकंदच्या शेपरची संवेदनशीलता सर्वात जास्त असते ती १६० किलोहर्ट्झच्या आसपास. बाजारातले कन्व्हर्टर १०० ते ५०० किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे बरोबर त्याच पट्ट्यात. उपाय माहीत असतात, पण क्रम महत्त्वाचा :

आधी सगळे कन्व्हर्टर एकाच घड्याळाला सिंक करा. वेगवेगळे चालले की त्यांच्या वारंवारितांमधला फरक हळू बीट बनून बेसलाइनवर दिसतो, आणि त्याचा उगम शोधणं अतिशय त्रासाचं असतं. मग कॉमन-मोड चोक आणि एलसी फिल्टर. मग प्रीअँपसाठी वेगळा लिनिअर रेग्युलेटर. आणि सगळ्यात शेवटी शिल्डिंगचा डबा. लोक बरेचदा डब्यापासून सुरुवात करतात. कंडक्टेड नॉइज डब्याने थांबत नाही.

बायस लाइनला (डिटेक्टरला व्होल्टेज देणाऱ्या तारेला) १० मेगाओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर दिला तर टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद. रिपल मरायला तो पुरेसा आहे, पण बायस बदलल्यावर किमान सेकंदभर डेटा वापरू नका. बायस चढवताना वेग सेकंदाला ५ व्होल्टच्या आसपास ठेवा. एकदम चढवला तर कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वेग एवढा करंट थेट प्रीअँपमध्ये जातो आणि तो सॅच्युरेट होऊन बसतो.

अजून एक, जे टेबलावरच्या चाचणीत कधीच दिसत नाही : मॅग्नेटोटॉर्कर (उपग्रह वळवणारं चुंबकीय साधन). त्याच्या कॉइलचं पीडब्ल्यूएम स्विचिंग (वेगाने चालू-बंद करणं) थेट फ्रंट-एंडमध्ये शिरतं. टॉर्कर चालू की बंद हे प्रत्येक हाउसकीपिंग (उपकरणाच्या प्रकृतीच्या) पॅकेटमध्ये नोंदवा. नाहीतर काउंट रेटमधली ती नियमित उसळी आकाशातली समजली जाते.

रोहिणी_२

प्रश्न : आजकाल वेव्हफॉर्म डिजिटायझर स्वस्त झालेत. प्रत्येक चॅनेलला वेगवान एडीसी लावून सगळं डिजिटल का करत नाहीत? शेपिंग, थ्रेशोल्ड, पाइल-अप (एकावर एक आलेल्या पल्स) सगळं एफपीजीएमध्ये होईल.

कणाद

रोहिणी, चॅनेल चार असतील तर जरूर करा. हजारो असतील तर वीज आडवी येते. फर्मी या गॅमा-किरण उपग्रहावरच्या लार्ज एरिया टेलिस्कोपचं उदाहरण घ्या (११ जून २००८ ला सोडलेला). १६ टॉवर, प्रत्येकात ३६ सिलिकॉन थर, प्रत्येक थरात १,५३६ पट्ट्या : एकूण ८,८४,७३६ चॅनेल. पट्ट्यांमधलं अंतर २२८ मायक्रॉन, सिलिकॉनची जाडी ४०० मायक्रॉन. दर चॅनेलला सुमारे १८० मायक्रोवॉट धरले तरी ट्रॅकरचे (या पट्ट्यांच्या, कणाचा मार्ग टिपणाऱ्या भागाचे) १६० वॉट होतात. वेगवान एडीसीला चॅनेलमागे दहा-वीस मिलिवॉट लागतात. गुणाकार करून बघा, उपग्रहाला ते झेपणारच नाही.

त्यांनी काय केलं ते शिकण्यासारखं आहे. ट्रॅकरच्या पट्टीला एडीसीच नाही. फक्त हो किंवा नाही. ४०० मायक्रॉनमधून जाणारा कण सुमारे ५ फेम्टोकूलॉम देतो आणि थ्रेशोल्ड त्याच्या साधारण पाव, १.४ फेम्टोकूलॉम. नॉइज १,५०० इलेक्ट्रॉनच्या घरात, म्हणजे थ्रेशोल्ड जवळजवळ ६ सिग्मावर. शेपरने वर जे गणित मांडलं तेच इथे लाखो चॅनेलवर लावलेलं आहे. उंचीची माहिती हवीच म्हणून अख्ख्या थराचा मिळून एक 'थ्रेशोल्डच्या वर किती वेळ' एवढाच आकडा घेतात.

रीडआउटची रचना तर फारच विचारपूर्वक केलीय. थरात ६४ चॅनेलच्या २४ चिप आहेत आणि थराच्या दोन्ही टोकांना एकेक कंट्रोलर. कुठलीही चिप डावीकडून किंवा उजवीकडून वाचता येते. एखादी मेली तर साखळी तिथे तोडायची, अलीकडच्या चिप एका टोकाने आणि पलीकडच्या दुसऱ्या टोकाने वाचायच्या. जातात त्या फक्त ६४ पट्ट्या. दुरुस्तीला कोणी जाणार नाही हे धरून केलेलं डिझाइन असं असतं.

टाऊ

ट्रिगरबद्दल बोलताना कणाद यांच्या 'खूण करा, टाकू नका' या मुद्द्याला सगळ्यात ठसठशीत पुरावा फर्मीच्या आधीच्या पिढीत सापडतो. कॉम्प्टन वेधशाळेवरच्या एग्रेट या गॅमा-किरण दुर्बिणीला बाहेरून एकसंध अँटिकॉइन्सिडन्स घुमट (प्रभारित कण ओळखणारं कवच) होता. घुमटात सिग्नल आला की घटना प्रभारित कणाची समजून रद्द; यालाच व्हेटो म्हणतात. पण उच्च ऊर्जेच्या गॅमा किरणाने कॅलोरीमीटरमध्ये (ऊर्जा मोजणाऱ्या भागात) शॉवर (दुय्यम कणांचा फवारा) सुरू केला की त्यातले काही फोटॉन मागे उसळतात आणि घुमटात कॉम्प्टन विकिरणाने सिग्नल देतात. परिणामी खरा गॅमा किरण स्वतःलाच रद्द करायचा. १० जीईव्हीला एग्रेटची कार्यक्षमता १ जीईव्हीच्या तुलनेत निम्म्यावर आली होती.

फर्मीत यावर दोन उपाय आहेत. एक, घुमटाचे ८९ तुकडे. ज्या टॉवरने ट्रिगर दिला त्याच्या डोक्यावरच्या तुकड्यात सिग्नल असेल तरच शंका घ्यायची. दोन, एका कॅलोरीमीटर स्फटिकात १ जीईव्हीच्या वर ऊर्जा असेल तर घटना व्हेटोला न जुमानता पुढे जाते.

पहिल्या पातळीचा ट्रिगर मुळात साधा आहे : एकाच टॉवरमध्ये सलग तीन एक्स-वाय थर, म्हणजे सहा सिग्नलचा मेळ. त्याच्या जोडीला १०० एमईव्ही आणि १ जीईव्हीचे कॅलोरीमीटर ट्रिगर, जड केंद्रकांसाठी वेगळा सिग्नल (कॅलिब्रेशनला लागतो), आणि सेकंदाला दोनदा आपोआप येणारा ट्रिगर. यातून सेकंदाला दोन-चार हजार घटना निघतात. मग वरचे प्रोसेसर सॉफ्टवेअरने चाळून चारशे-पाचशे खाली पाठवतात.

आणि त्या चाळणीत एक दार मुद्दाम उघडं ठेवलंय : कॅलोरीमीटरमध्ये २० जीईव्हीपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर काहीही न तपासता पाठवा. गॅमा किरणांसाठी बनवलेल्या दुर्बिणीने २००९ मध्ये कॉस्मिक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा १ टीईव्हीपर्यंतचा वर्णपट दिला तो याच दारामुळे. इलेक्ट्रॉन प्रभारित आहेत. व्हेटो आंधळेपणाने लावला असता तर त्यातला एकही खाली आला नसता.

तळघर

माझा विरोध नोंदवतो. प्रत्येकाकडे फर्मीएवढं डाउनलिंक नसतं. भारताच्या ॲस्ट्रोसॅट वेधशाळेवरचं लॅक्सपीसी हे एक्सरे उपकरण बघा, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेलं. तीन मोठे झेनॉन प्रपोर्शनल काउंटर, वायूचा दाब सुमारे २ वातावरण, ३ ते ८० केईव्ही. तिथे कॉइन्सिडन्सचा (दोन ठिकाणी एकाच वेळी आलेल्या सिग्नलचा) निर्णय वरच हार्डवेअर घेतं आणि तेच बरोबर आहे. तेजस्वी स्रोत बघताना सेकंदाला हजारो खऱ्या घटना असतात. त्यात प्रभारित कणांचं ओझं का वाहायचं?

आणि हार्डवेअरची चाळणी आंधळीच असते असं नाही. झेनॉनचा के-एज (अणूतला सर्वात आतला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) ३४.५ केईव्हीला. त्यावरच्या ऊर्जेचा फोटॉन शोषला गेला की अनेकदा ३० केईव्हीच्या आसपासचा फ्लुओरेसन्स फोटॉन निघतो आणि शेजारच्या ॲनोडमध्ये जाऊन शोषला जातो. साधा नियम लावला असता तर 'दोन ॲनोडमध्ये सिग्नल, म्हणजे प्रभारित कण' म्हणून ती घटना गेली असती. लॅक्सपीसीचं लॉजिक बघतं की दोघांपैकी एकाची ऊर्जा के-एक्सरेच्या खिडकीत बसते का. बसली तर दोन्हींची बेरीज करून एकच घटना नोंदवतं. डेड टाइम (एक घटना वाचताना दुसरी नोंदवता येत नाही तो वेळ) घटनेमागे सुमारे ४२-४३ मायक्रोसेकंद. भौतिकी नीट माहीत असेल तर वरचा निर्णय सुरक्षित असतो.

कणाद

तळघर, मुद्दा मान्य. भौतिकी आधीच पूर्ण माहीत असेल तर. त्याच उपग्रहावरचं सीझेडटीआय हे एक्सरे उपकरण दुसऱ्या बाजूचं उदाहरण म्हणून मांडतो.

६४ सीझेडटी मॉड्यूल, प्रत्येकी २५६ पिक्सेल, एकूण १६,३८४. पिक्सेल सुमारे २.४६ मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर, एकूण क्षेत्रफळ ९७६ चौरस सेंटिमीटर. चार चतुर्थांश, एकमेकांपासून स्वतंत्र. खाली २० मिलिमीटर जाडीचा सीझियम आयोडाइडचा (किरण पडला की चमकणाऱ्या स्फटिकाचा) व्हेटो. शिवाय अमेरिशियमचा स्रोत, ज्याचा अल्फा कण वेगळा पकडला जातो, म्हणजे कुठला ६० केईव्ही फोटॉन कॅलिब्रेशनचा हे घटनेवरच कळतं.

इथे व्हेटो जुळला तरी घटना रद्द होत नाही. वेळ (२० मायक्रोसेकंदांच्या टप्प्यात), मॉड्यूल, पिक्सेल, पल्सची उंची, व्हेटोचा आकडा आणि अल्फाची खूण असं सगळं खाली येतं. पुण्यातल्या आयुका या खगोल संस्थेतल्या पेलोड ऑपरेशन सेंटरमध्ये पुढची छाननी होते.

याचा फायदा ध्रुवणमापनात झाला. १०० केईव्हीच्या वरचा फोटॉन एका पिक्सेलमध्ये कॉम्प्टन विकिरण पावतो आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो. शेजारी आठ, म्हणजे विकिरणाची दिशा ४५ अंशांच्या आठ खणांत कळते. मुख्य काम प्रतिमा आणि वर्णपट असलेल्या या उपकरणात ही शक्यता प्रक्षेपणाआधी ओळखली गेली, जमिनीवर कॅलिब्रेशन झालं, आणि क्रॅबचं (पल्सार आणि त्याभोवतीचा तेजोमेघ) १०० ते ३८० केईव्हीमधलं ध्रुवण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. 'एका वेळी एकच पिक्सेल' असा नियम हार्डवेअरमध्ये ठोकला असता तर हे झालं नसतं.

आणि यासाठी हार्डवेअर कॉइन्सिडन्सची गरजही नाही. ४० मायक्रोसेकंदांची खिडकी जमिनीवर सॉफ्टवेअरने लावतात. योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या किती? समजा पूर्ण डिटेक्टरवर सेकंदाला १,००० घटना. प्रत्येकीनंतर ४० मायक्रोसेकंदांत दुसरी येण्याची शक्यता ०.०४, आणि ती नेमकी आठ शेजाऱ्यांपैकी एकात पडण्याची ८ भागिले १६,३८४. गुणाकार सेकंदाला ०.०२, म्हणजे ५० सेकंदांत एखादी खोटी जोडी. पिक्सेल बारीक असले की घड्याळ संथ असूनही चालतं, हा या रचनेचा मोठा गुण आहे.

कोपऱ्याला कोपरा लागणारे शेजारी आणि कडेला कड लागणारे शेजारी यांना मिळणारा घनकोन वेगळा असतो. ती भौमितिक दुरुस्ती न करता ध्रुवण काढलं तर अध्रुवित स्रोतालाही चार पाकळ्यांचा नक्षीदार आलेख येतो. अध्रुवित स्रोताच्या मोजमापाने किंवा सिम्युलेशनने भागाकार करणं अनिवार्य.

शेपर

सीझेडटीआयमध्ये घटनांच्या झुंडी येतात त्याही सांगा. जड कॉस्मिक किरण उपग्रहाच्या सांगाड्यावर आदळला की दुय्यम कणांचा फवारा डिटेक्टरवर पडतो आणि घड्याळाच्या सलग टिकांमध्ये घटनांची रांग लागते. ती डेटा प्रक्रियेत पहिल्यांदा काढावी लागते, कारण शेजारी-पिक्सेल निकषात या झुंडी घुसल्या तर जोड्यांची संख्या फुगते.

डेड टाइमच्या दृष्टीनेही या झुंडी वाईट. सरासरी दरावरून काढलेला डेड टाइम घटना एकमेकींशी असंबद्ध आहेत असं मानतो. झुंडीत ते खरं नसतं. म्हणून सूत्रावर अवलंबून न राहता लाइव्ह-टाइमचा वेगळा काउंटर एफपीजीएमध्ये ठेवा : रीडआउट मोकळा असताना घड्याळाचे टिक मोजायचे, व्यग्र असताना थांबायचं. दहा-बारा ओळींचा कोड आहे आणि प्रकाशतीव्रतेची अचूकता त्यावर उभी आहे.

अंदाजासाठी सूत्र ठीक. फर्मीचा डेड टाइम घटनेमागे किमान २६.५ मायक्रोसेकंद. सेकंदाला ३,००० ट्रिगर मागणी असेल तर नोंदले जातात सुमारे २,७८०. म्हणजे ७ टक्क्यांहून थोडा जास्त वेळ डिटेक्टर आंधळा.

टाऊ

आणि व्यग्र नसतानाही मागच्या कणाचा उरलेला सिग्नल असतोच. फर्मीत याला घोस्ट म्हणतात. ट्रॅकरचा सिग्नल थ्रेशोल्डवर सुमारे १० मायक्रोसेकंद राहतो. तेवढ्यात दुसऱ्या कणाने ट्रिगर दिला तर आधीच्या कणाच्या पट्ट्याही त्याच घटनेत वाचल्या जातात. प्रक्षेपणानंतर हे ठळकपणे दिसलं आणि चांगल्या गॅमा घटना नापास होत होत्या. वर लिहिलेला सेकंदाला दोनदा येणारा आपोआप ट्रिगर इथे उपयोगी पडला : त्यात काहीच निवडलेलं नसतं, फक्त त्या क्षणी डिटेक्टरमध्ये काय उरलंय ते दिसतं. ते नमुने सिम्युलेशनच्या घटनांवर चढवून विश्लेषण सुधारलं गेलं, आणि २०१५ च्या पास ८ मध्ये पुनर्रचनाच नव्याने झाली.

म्हणून कुठल्याही पेलोडमध्ये आपोआप ट्रिगर ठेवाच. डेटा नगण्य, माहिती अमूल्य.

रोहिणी_२

हे सगळं मोठ्या मोहिमांचं झालं. नॅनो उपग्रहावर सीझियम आयोडाइड आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (स्फटिकाची चमक मोजणारी छोटी चिप), एवढंच असेल तर?

सह्यकडा

तिथे डाउनलिंकपासून सुरुवात करा, कारण सगळं त्यावरून ठरतं. घटनेला ४८ बिट, सेकंदाला १,००० घटना : दिवसाला ४.१५ गिगाबिट, म्हणजे सुमारे ५२० मेगाबाइट. दिवसाला ८ मिनिटांचे चार पास (उपग्रह ग्राउंड स्टेशनच्या टप्प्यात येण्याच्या वेळा) मिळाले तर १,९२० सेकंद. १ मेगाबिटच्या एस-बँडवर २४० मेगाबाइट उतरतात. ९.६ किलोबिटच्या यूएचएफवर फक्त २.३ मेगाबाइट. एस-बँडवर निम्म्याहून कमी, यूएचएफवर जवळपास काहीच नाही.

म्हणून दोन पायऱ्या करा. कायम पाठवायचं ते १ सेकंदाचे चार ऊर्जापट्ट्यांतले काउंट. पूर्ण घटना वर्तुळाकार मेमरीत साठवायच्या आणि जमिनीवरून 'अमुक वेळेचे ३०० सेकंद पाठव' अशी मागणी करायची. उपग्रहावर स्फोट-ट्रिगर (गॅमा-किरण स्फोट आपोआप ओळखणारा) हवा असेल तर फर्मीवरच्याच जीबीएम या स्फोट-शोधकाचा नमुना घ्या : दोन किंवा अधिक डिटेक्टरमध्ये पार्श्वभूमीच्या सुमारे ४.५ सिग्मा वर, १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंतच्या खिडक्या. एकच डिटेक्टर असेल तर ही दोघांची अट लावता येत नाही, मग पृथ्वीभोवती अडकलेल्या प्रभारित कणांच्या पट्ट्यांच्या काठावर खोटे ट्रिगर येतात. त्यांना अक्षांश-रेखांशाचा नकाशा लावून रोखा. जीबीएमनेही नोव्हेंबर २०१२ पासून सगळ्या घटना सतत खाली पाठवायला सुरुवात केली, आणि वरच्या ट्रिगरने न पकडलेले छोटे स्फोट त्यातून शोधता येऊ लागले. तळघर, हे तुमच्यासाठी.

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरच्या दोन व्यथा. पहिली तापमान. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका मालिकेत ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर चिप सिग्नल वाढवू लागते) अंशाला ५४ मिलिव्होल्ट सरकतं. बायस त्याच्या ३ व्होल्ट वर (ओव्हरव्होल्टेज) ठेवला तर हा गेनमध्ये (सिग्नल किती पट वाढतो त्यात) अंशाला १.८ टक्के बदल. कक्षेत २० अंश फरक पडला तर ३६ टक्के. थर्मिस्टर आणि डॅक लावून बायस दुरुस्त करा आणि दोन्ही आकडे नोंदवा.

दुसरी व्यथा प्रोटॉनचं नुकसान. ३ बाय ३ मिलिमीटरच्या भागाचा (एका फोटोमल्टिप्लायर चिपचा) डार्क रेट (अंधारातही येणारे खोटे सिग्नल) नवा असताना ५ लाख प्रतिसेकंद. आठ भाग एकत्र जोडले आणि १ मायक्रोसेकंद इंटिग्रेशन केलं तर सरासरी ४ फोटोइलेक्ट्रॉन, चढउतार २. पाच सिग्मा म्हणजे १०. केईव्हीला ५ फोटोइलेक्ट्रॉन मिळतात असं धरलं तर थ्रेशोल्ड २ केईव्ही. डार्क रेट १०० पट झाला की चढउतार १० पट, थ्रेशोल्ड २० केईव्ही. मोठ्या स्फटिकावर छोटे भाग लावले तर केईव्हीमागे प्रकाश खूप कमी मिळतो आणि हा आकडा आणखी वर जातो. मार्च २०२१ मध्ये गेलेल्या १यू आकाराच्या (१० सेंटिमीटरच्या ठोकळ्याएवढ्या) जीआरबीअल्फा या नॅनो उपग्रहावर ७५ बाय ७५ बाय ५ मिलिमीटरचा स्फटिक आणि आठ भाग होते. तिथे कक्षेत थ्रेशोल्ड हळूहळू वर सरकत गेला. तरीही ९ ऑक्टोबर २०२२ चा महातेजस्वी गॅमा-किरण स्फोट जीआरबी २२१००९ए त्याने सॅच्युरेट न होता मोजला, जिथे मोठमोठे डिटेक्टर दिपून गेले. छोटं क्षेत्रफळ त्या दिवशी कामाला आलं.

शिल्डिंग वाढवा, भाग थंड ठेवा, आणि थ्रेशोल्ड कमांडने बदलता येईल असा ठेवा. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली मांडलेल्या 'दक्ष' प्रस्तावातही उच्च ऊर्जेसाठी सोडियम आयोडाइडबरोबर हेच फोटोमल्टिप्लायर आहेत, त्यामुळे हा विषय आपल्याकडे अजून बराच काळ लागणार आहे.

तळघर

जीबीएमचा दाखला स्वीकारतो. मेमरी स्वस्त झाल्यावर 'साठवा आणि मागवा' हा मार्ग खरोखर उत्तम.

किरणोत्साराचा मारा फक्त सेन्सरवर नसतो, डिजिटल भागावरही असतो, त्यावर थोडं. लॅच-अप (कण आदळल्याने चिपमध्ये सुरू होऊन न थांबणारा जास्तीचा करंट) : ६० एमईव्ही·चौसेमी प्रति मिलिग्रॅमपर्यंत (कण वाटेत किती ऊर्जा सोडतो त्याचं माप) लॅच-अप न होणारे भाग घ्या. मिळत नसतील तर प्रत्येक शाखेला करंट लिमिटर, मर्यादा ओलांडताच वीज तोडायची, थांबायचं, पुन्हा जोडायची. लिमिटरची मर्यादा नेहमीच्या करंटच्या फार वर ठेवू नका. एका चिपचा छोटा लॅच-अप मोठ्या बोर्डाच्या करंटमध्ये लपून जातो आणि चिप तासन्‌तास भाजत राहते. म्हणून शाखा लहान ठेवायच्या.

बिट उलटणं : एसरॅम-आधारित एफपीजीए असेल तर कॉन्फिगरेशन सतत स्क्रब करा (तपासून पुन्हा लिहा), स्टेट मशीन तिहेरी करा (तीन प्रती, बहुमताने निर्णय). सर्वाधिक दुर्लक्षित जागा म्हणजे एसिकमधले (डिटेक्टर वाचणाऱ्या खास चिपमधले) थ्रेशोल्ड रजिस्टर. एक वरचा बिट उलटला की चॅनेल एकतर मुका होतो किंवा बेफाम. बेफाम लगेच कळतो, मुका कळत नाही. दर काही सेकंदांनी रजिस्टर परत वाचा, मूळ तक्त्याशी ताडा, फरक पडला तर लिहा आणि मोजा. ती मोजणी टेलिमेट्रीत हवी.

उच्च व्होल्टेज : हवेत पाशेनचा किमान बिंदू (हवेत ठिणगी पडायला लागणारं कमीत कमी व्होल्टेज) ३२७ व्होल्टच्या आसपास. त्याखालच्या व्होल्टेजला सहसा चिंता नाही. सीझेडटी बायस आणि फोटोमल्टिप्लायर नळ्या त्याच्या वर असतात. उपग्रहातून वायू निघून जाईपर्यंत त्या चालू करायच्या नाहीत, आणि पॉटिंगमध्ये (सर्किटवर ओतलेल्या राळेत) बुडबुडे राहिले असतील तर कितीही थांबून उपयोग नाही, आतला दाब नेमका धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळतो. पॉटिंग निर्वातातच करा.

दक्षिण अटलांटिकवर अडकलेल्या प्रभारित कणांचा पट्टा खाली उतरतो, तिथे नळ्यांचं व्होल्टेज उतरवायचं. ॲस्ट्रोसॅटची कक्षा ६५० किलोमीटर, झुकाव ६ अंश, त्यामुळे ती त्या भागाच्या उत्तर काठावरूनच जाते. फर्मी २५.६ अंशांवर आहे आणि जवळपास १३ टक्के वेळ तिथेच गमावते. व्होल्टेज वेळापत्रकानेही उतरवा आणि कण-काउंटरच्या मोजणीनेही. कक्षेची माहिती शिळी झाली तर वेळापत्रक चुकतं.

रोहिणी_२

वेळेबद्दल कोणीच बोललं नाही. जीपीएसचा पीपीएस (दर सेकंदाला येणारा पल्स) घेतला की झालं ना?

टाऊ

पीपीएस पुरेसा आहे, पण तो कसा घेता यावर सगळं अवलंबून. प्रोसेसरच्या इंटरप्टने घेऊ नका, शेकडो मायक्रोसेकंदांची अनिश्चितता येते. एफपीजीएमध्ये मोकळा धावणारा काउंटर ठेवा, पीपीएस आला की त्याची किंमत हार्डवेअरने लॅच करा आणि ती जोडी (काउंटर, जीपीएस सेकंद) पाठवा. काउंटर कधीही शून्यावर आणू नका. शून्यावर आणलात आणि एक पीपीएस हुकला की त्या सेकंदाच्या घटना कुठल्या हे कळणारच नाही. १ पीपीएमचा ऑसिलेटर सेकंदाला १ मायक्रोसेकंद सरकतो. दोन पीपीएसच्या मध्ये सरळ रेषेने जोडलं की भागतं.

घटनेची वेळ कंपॅरेटर उठताना लॅच करा, एडीसी संपल्यावर नको. आणि कक्षेत क्रॅब पल्सार बघा. सुमारे ३३ मिलिसेकंदांचा आवर्त, रेडिओतून अचूक माहीत. शिखर आपल्या जागेवरून सरकलेलं दिसलं तर घड्याळात गडबड.

रोहिणी_२

व्हेटोची खूण लावताना सीझियम आयोडाइड संथ आणि सीझेडटी वेगळ्या वेगाचा, मग खिडकी किती ठेवायची?

शेपर

मोजून ठरवायची. आधी दोन्ही चॅनेलचे थ्रेशोल्ड एस-कर्व्हने बसवा : १ पिकोफॅरड चाचणी कपॅसिटरवर १ मिलिव्होल्टची पायरी म्हणजे १ फेम्टोकूलॉम, प्रत्येक डॅक पायरीला १०० पल्स, निम्मे पास होतात ती जागा थ्रेशोल्ड, चढाची रुंदी म्हणजे नॉइज. मग समुद्रसपाटीवरचे म्यूऑन (कॉस्मिक किरणांतून येणारे भेदक कण) घ्या, ते दोन्ही डिटेक्टर एकाच क्षणी ओलांडतात. खिडकी अरुंद ठेवून एका बाजूचा विलंब घड्याळाच्या एकेका टिकने सरकवा आणि जुळणाऱ्या घटना मोजा. आलेख डोंगरासारखा येतो. सीझियम आयोडाइडचा प्रकाश मायक्रोसेकंदभर झिरपतो, त्यामुळे लहान सिग्नल थ्रेशोल्डला उशिरा पोचतात आणि डोंगराला एका बाजूला लांब शेपूट असतं. ती शेपूट पूर्ण आत येईल एवढी खिडकी ठेवा.

मग हेच थर्मल चेंबरमध्ये कार्यतापमानाच्या दोन्ही टोकांना पुन्हा करा. स्फटिकाचा क्षयकाल थंडीत लांबतो. फक्त खोलीच्या तापमानाला ठरवलेली खिडकी थंड टोकाला शेपूट कापते, आणि कापल्या गेलेल्या त्या घटना कमी ऊर्जेच्या व्हेटोच्या असल्यामुळे पार्श्वभूमी ठरावीक पट्ट्यातच वाढलेली दिसते. खिडकीची रुंदी आणि विलंब दोन्ही कमांडने बदलता येणारे ठेवा.